डोकं तुझं, पकड माझी

ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा लाल दिवा लागला की बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं, आत आता सुरी चालू झाली. कुणी डोळे मिटतं, कुणी पाण्याची बाटली घट्ट धरतं. पण मेंदूच्या ऑपरेशनात तसं नसतं. दिवा लागल्यावर चांगला पाऊण तास सुरीचं कुणी नावही काढत नाही. तो पाऊण तास डोकं धरण्याचा असतो. आणि या इस्पितळात तो पाऊण तास सत्तावीस वर्षं एका बाईच्या हातात होता.

तिला मावशी म्हणत. इस्पितळात मावशा काय, पैशाला पासरी. फरशी पुसणारी मावशी, जेवणाच्या गाडीवरची मावशी, बाळंतिणींच्या वॉर्डातली मावशी. म्हणून हिला म्हणत डोक्याची मावशी. "डोक्याची मावशी कुठंय? तीन नंबरला बोलावलंय!" अशी हाक आली की नवख्या माणसाला हसू फुटे. तिचा नवरा टपाल वाटायचा, तो म्हणायचा, "तिकडं डोकी धरते आणि घरी आली की माझं खाते."

ती हसायची. बुटकी, रुंद हाताची बाई. चालताना एका पायावर जरा भार. बोलणं मोजकं. पण तिच्या एका शब्दावाचून मोठ्या डॉक्टरांची सुरी हलत नसे, ही गोष्ट त्या थिएटरात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होती.

तो शब्द म्हणजे, ‘बसलं.’

आता काय बसलं, ते सांगायला हवं. मेंदूचं काम केसाएवढ्या फरकाचं. पेशंट झोपलेला असला तरी डोकं श्वासागणिक हलतं. ते हलू नये म्हणून लोखंडी कमानीत पकडतात. कमान बैलाच्या शिंगांसारखी वळलेली. तिच्या एका टोकाला दोन टोकदार पिना, समोरच्या टोकाला एक. या तीन पिना कातडीतून कवटीच्या हाडावर टेकवायच्या आणि एका बाजूचा स्क्रू पिळत दाब आणायचा. किती दाब, ते स्क्रूवरच्या रेघा सांगतात. पिना लावायचं काम डॉक्टरांचं. पण नुसत्या कमानीनं भागत नाही. ती कमान टेबलाला जखडावी लागते. मध्ये एक सांधा असतो, पाहिजे तसा वळणारा. मावशी त्याला कोपर म्हणायची. कमानीला एक दातेरी चकती, कोपराला एक दातेरी चकती. दोन्ही समोरासमोर आणायच्या, दाते खाचेत बसवायचे आणि मूठ आवळायची. दाते खाचेत बसले तर डोकं पहाडासारखं. दात्यावर दाता राहिला तर वरून सगळं घट्ट दिसतं, मूठही आवळली जाते, आणि मग तासाभरानं, डॉक्टरांचा हात आत असताना, कधीतरी ते सुटतं.

हा सांधा मावशीचा. टेबलाखाली गुडघ्यावर बसून ती मूठ आवळायची, मग दोन्ही तळवे कमानीखाली लावून तीनदा दाबायची. एकदा वर, एकदा खाली, एकदा आडवं. दाबताना ओठ हलायचे. सिस्टरना वाटायचं, मोजते आहे. ती मोजत नसे. ती म्हणायची, "देवा, डोकं तुझं, पकड माझी." मग उठून उभी राहायची आणि मोठ्यानं सांगायची, "बसलं."

मग मोठे डॉक्टर नळ सोडून हात धुवायला लागायचे.

ही विद्या तिला कुठल्या कॉलेजात मिळाली नव्हती. सातवीनंतर शाळाच सुटली. विद्या मिळाली ती बापाच्या दुकानात. बाप केस कापायचा. छोटंसं दुकान, एक आरसा, एक लोखंडी खुर्ची. खुर्चीच्या पाठीला डोकं टेकायची उशी होती, दातेरी पट्टीवर खालीवर होणारी. लांब मानेचं गिऱ्हाईक आलं की दोन खाचा वर, आखूड मानेचं आलं की दोन खाचा खाली. आई लवकर गेली, त्यामुळं पोर शाळेतून थेट दुकानात यायची. टॉवेल झटकायची, ब्रशानं मानेवरचे केस उडवायची, आणि लहान मुलं रडायला लागली की त्यांचं डोकं दोन्ही तळव्यांत धरायची.

"आवळू नकोस गं," बाप सांगायचा. "आवळलं की माणूस सोडवून घ्यायला बघतो. टेकू दे. टेकू मिळाला की मान आपोआप सैल पडते."

ती नऊ वर्षांची असताना एक दिवस शाळेचे हेडमास्तर दाढीला आले. गावभर ज्यांचा दरारा, असे. बाप त्यांच्या गळ्यापाशी वस्तरा फिरवत होता आणि उशी एकदम एक खाच खाली सरकली. मान मागं गेली. कानाखाली रक्ताची रेघ उमटली. दुकानात चार माणसं बसलेली. हेडमास्तरच ओशाळून म्हणाले, "माझीच मान हलली वाटतं."

बापाला ‘हो’ म्हणायचं होतं, बस्स. कुणी काही बोललं नसतं.

बाप म्हणाला, "नाही गुरुजी. मान नाही हलली. उशी खाचेत बसली नव्हती, आणि मी न बघता तुम्हाला टेकवलं. चूक माझी."

तुरटी लावली. पैसे घेतले नाहीत. बाकावरची दोन माणसं ‘नंतर येतो’ म्हणून उठून गेली, ती आठवडाभर फिरकली नाहीत. पोरीला बापाचा राग आला. घरी गेल्यावर ती म्हणाली, "ते स्वतःच म्हणत होते की मान हलली. तुम्ही कशाला बोललात?"

बाप वस्तऱ्याला धार लावत होता. म्हणाला, "अगं, ते गुरुजी. इतकी वर्षं माझ्यासमोर डोळे मिटून मान वर करतात."

एवढंच म्हणाला. पुढच्या आठवड्यात हेडमास्तर आले, खुर्चीत बसले आणि डोळे मिटून मान वर केली. पण त्याआधी बापानं उशी तीनदा दाबून पाहिली होती. एकदा वर, एकदा खाली, एकदा आडवी. तेव्हापासून पोरही दाबायला लागली.

लग्नानंतर ती या शहरात आली आणि इस्पितळात झाडूपोछ्याच्या कामाला लागली. थिएटरात पाऊल पडलं ते केसांमुळं. ऑपरेशनआधी डोकं भादरणारा माणूस एक दिवस आला नाही, पेशंट बाई होती आणि रडून रडून तिनं थिएटर डोक्यावर घेतलं होतं. "मी करते," म्हणून हिनं वस्तरा उचलला. त्या बाईचं डोकं तळहातात टेकवून घेतलं, हळूहळू केस उतरवले, आणि सगळे केस गोळा करून दोऱ्यानं बांधून तिच्या उशाशी ठेवले. "तुमचे तुमच्याजवळ," म्हणाली. बाई रडायची थांबली. भुलीच्या डॉक्टरबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी हिची बदली आत करून घेतली.

मग ती कमान आली. तेव्हा मोठे डॉक्टर एवढे मोठे नव्हते. केस काळे, आवाज चढा. सगळ्यांचा सराव व्हावा म्हणून त्यांनी बाजारातून लाल भोपळे मागवले. आठवडाभर थिएटरात रोज एक भोपळा टेबलावर निजायचा आणि सगळे त्याला पिना लावायचे. संध्याकाळी ते भोपळे मावशीच्या घरी जायचे. नवरा ताटात वाकून बघायचा. "याच्यातही तीन भोकं? वाचला का गं हा?"

"नाही वाचला," ती म्हणायची. "गुपचूप जेवा."

महिनाभरानं खराखुरा पेशंट टेबलावर होता. एका शिकाऊ डॉक्टरनं सांधा आवळला, कंपनीच्या माणसानं शिकवला होता तसा. ‘कट्’ आवाज आला. मावशी पायाशी बादली घेऊन उभी होती. तिला काय वाटलं कुणास ठाऊक, बादली ठेवून तिनं कमानीखाली हात घातला. पेशंटला कुशीवर वळवायला टेबल तिरकं केलं आणि सांधा सुटला. डोकं खाली आलं ते थेट तिच्या तळव्यांत.



"दाते खाचेत बसले नव्हते," ती डोकं तसंच धरून म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं?" डॉक्टर घाबरल्यामुळं ओरडले.

"खुर्चीचं कळतं," ती म्हणाली. "आमच्या दुकानात होती."

"पण क्लिक झालं होतं ना!" शिकाऊ डॉक्टर म्हणाला.

"क्लिक तर दाराची कडीही होते, डॉक्टर. दार लागलेलंच असतं असं नाही."

भुलीच्या डॉक्टरबाई मास्कच्या आड हसल्या. मोठे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडून सांधा परत बसवून घेतला, ती काय करते ते वाकून बघितलं, आणि म्हणाले, "यापुढं मावशी ‘बसलं’ म्हणेपर्यंत मी हात धुणार नाही. आणि मावशी, तुम्ही ते मोठ्यानं म्हणायचं." आधी तू होती, आता तुम्ही झाली. ही गोष्ट तिनं नवऱ्याला त्या आठवड्यात चारदा सांगितली. पाचव्यांदा त्यानंच सांगितली, तिच्याआधी.

सत्तावीस वर्षांत डोकी किती झाली, तिनं मोजली नाहीत. पण शब्द एकदाही मागं घ्यावा लागला नाही, हे तिला माहीत होतं. त्याचा तिला अभिमान होता. देवापुढं दिवा लावताना ती सगळ्यांसाठी काहीबाही मागायची, स्वतःसाठी फक्त एवढंच मागायची की, माझ्या हातून कुणाची मान जाऊ नये.

निवृत्तीला आठ महिने राहिले होते तेव्हाची ही गोष्ट.

आता थिएटरात दोन संच होते. जुना, आणि दुसऱ्याच कंपनीचा नवा. नव्याचे दाते जुन्याहून बारीक होते, पण फरक इतका थोडा की नुसत्या डोळ्यांना दिसू नये. एकाची कमान आणि दुसऱ्याचं कोपर एकमेकांना भिडायचं, जुळल्यासारखं वाटायचं, पण दाते तळापर्यंत उतरायचे नाहीत. नवा संच आला त्याच दिवशी मावशीनं हे ओळखलं आणि त्यावर स्वतःपुरता उपाय काढला. मुलीची नखं रंगवायची बाटली आणली. जुन्याच्या कमानीवर आणि कोपरावर लाल ठिपका, नव्याच्या दोन्हींवर जांभळा. लालला लाल, जांभळ्याला जांभळा. "आई, माझी जांभळी संपली," मुलगी कुरकुरायची. "लोखंडानं लावली," ही म्हणायची. स्पिरिटनं पुसून पुसून ठिपके उडायचे, म्हणून दर पंधरवड्याला ती ते पुन्हा द्यायची. कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनंच ठरवलेलं.

त्या दिवशी टेबलावर शिवणकाम शिकवणारी बाई होती. डोक्याच्या मागच्या भागात, मानेच्या जरा वर, गाठ. आदल्या संध्याकाळी मावशी तिचे मागचे केस काढायला गेली, तेव्हा शिवणबाईनं विचारलं, "सगळे काढणार?"

"छे हो. मागचे ओंजळभर. वरून वेणी घातलीत तर कुणाला कळणारही नाही."

"मला पालथं झोपवणार म्हणे. मी झोपेत फार हलते. नवरा म्हणतो, लाथा मारते."

"मारा की लाथा. डोकं नाही हलू देणार."

"कोण?"

"मी. मी धरून ठेवते."

शिवणबाईनं तिच्या हातांकडं पाहिलं. मग मान पुढं केली आणि तिच्या तळव्यावर कपाळ टेकवलं.

सकाळी मावशीनं कपाट उघडलं. आदल्या दिवशी दोन थिएटरांत मेंदूची ऑपरेशनं झाली होती आणि कुणीतरी दोन्ही संच एकाच ट्रेमध्ये पुसून ठेवले होते. लाल ठिपक्याची कमान वरच होती. तिच्याशेजारी एक कोपर. दुसरं कोपर खाली, फडक्यात गुंडाळलेलं. वरच्या कोपरावर ठिपका नव्हता. लाल उडाला, मावशीच्या मनात आलं. पंधरवडा उलटून चार दिवस झाले होते. बाटली पिशवीत होती, पण रोज राहून जात होतं. आज संध्याकाळी देऊ, म्हणत तिनं ते कोपर उचललं. फडकं सोडून बघायला पळभर लागला असता. तिनं सोडलं नाही. इतक्या वर्षांची हातांची सवय, आणि बाहेरून सिस्टर हाका मारत होत्या.

शिवणबाई झोपली. पिना लागल्या. सहा जणांनी मिळून तिला पालथं केलं, मोठ्या डॉक्टरांनी कमान हातात धरली, मावशीनं टेबलाखाली बसून सांधा जुळवला, मूठ आवळली. तीनदा दाबलं. धरून राहिलं.

"बसलं," ती म्हणाली.

नळाचा आवाज आला. मग औषधानं पुसणं, हिरव्या चादरी, वरून मोठी दुर्बीण ओढून आणणं. अर्धा तास गेला. पेशंट आता दिसत नव्हती. हिरव्या कापडात फक्त तळहाताएवढी पिवळी पडलेली कातडी उघडी होती. डॉक्टरांनी हात पुढं केला, सिस्टरनी सुरी ठेवली.

मावशी भिंतीपाशी ट्रे आवरत होती. तिनं दुसऱ्या कोपरावरचं फडकं सोडलं.

त्यावर लाल ठिपका होता. ठळक, टपोरा.

तिनं ते उजेडात धरून पाहिलं. लाल इथं आहे, म्हणजे टेबलाखाली जे आहे ते जांभळ्याचं. ठिपका उडाला होता तो जांभळा. जुनी कमान, नवं कोपर. पण तीनदा दाबून धरून राहिलंय. कदाचित राहीलही. सहा तास राहीलही. आणि सांगितलं तर? सत्तावीस वर्षांचा शब्द या सगळ्यांसमोर धुळीला. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पुढं तिनं स्वतःच सांगितलं, "आलं. देवासमोर खोटं कशाला बोलू." पण त्याच्या मागोमाग तळव्यावर टेकलेलं ते कपाळ आठवलं.

"डॉक्टरसाहेब, थांबा."

सुरी हवेतच राहिली.

"बसलेलं नाही," मावशी म्हणाली. "मी चुकले. माझा शब्द मागं घेते."

सिस्टर म्हणाल्या, "अहो मावशी, आता? चादरी टाकल्या!"

डॉक्टरांनी मान न वळवता विचारलं, "सुटलंय का?"

"नाही सुटलं."

"हलतंय?"

"नाही."

"मग? खात्री आहे तुमची?"

"खात्री नाही, साहेब. खात्री नाही म्हणूनच सांगतेय. कोपर दुसऱ्या संचाचं लागलंय. ठिपका उडाला होता, मी दुसरं न बघताच घेतलं."

डॉक्टरांच्या कपाळाची शीर उभी राहिली. चादरी काढायच्या म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून, पाऊण तास, आणि पेशंट भुलीखाली. त्यांनी भुलीच्या डॉक्टरबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझ्या बाजूनं वेळ आहे."

डॉक्टरांनी सुरी परत सिस्टरच्या हातात दिली. "काढा सगळं."

चादरी निघाल्या. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी कमान तोलून धरली. मावशी टेबलाखाली गुडघ्यावर बसली. मूठ सोडण्याआधी तिनं सवयीनं तळवे लावले. वर दाबलं, धरून राहिलं. खाली दाबलं, धरून राहिलं. आडवं दाबलं आणि ‘कर्र’ असा आवाज होऊन सांधा बोटभर फिरला. वर डॉक्टरांच्या हातांत सगळं वजन एकदम आलं. त्यांनी धरलं होतं म्हणून डोकं जागचं हललं नाही.

"धरलंय मी," ते वरून म्हणाले. आवाज बदललेला होता. "सावकाश करा, मावशी."

तिनं लाल ठिपक्याचं कोपर लावलं. दाते खाचेत उतरले ते तिला बोटांच्या पेरांत कळलं. मूठ आवळली. "देवा, डोकं तुझं, पकड माझी." या वेळी तिनं तीनदा नाही, सहादा दाबलं. उठली. पण तोंडातून शब्द निघेना. तो शब्द उच्चारायचा हक्क आपल्याला आता उरला आहे की नाही, तेच तिला कळेना.

सगळे तिच्याकडं बघत होते.

"काय मावशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"बसलं," ती पुटपुटली.

"मोठ्यानं म्हणायचं ठरलंय आपलं."

"बसलं."

ऑपरेशन साडेसहा तास चाललं. मावशी एकदाही बसली नाही. टेबलाच्या पायाशी उभी राहून ती त्या सांध्याकडं बघत होती, जणू नजर हटली तर तो सुटणार होता. गाठ पूर्ण निघाली. डॉक्टर काही न बोलता बाहेर गेले. ते काही बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. मुलगीही ऐकत होती. नवरा नेहमीसारखा विनोद करील असं वाटलं, पण त्यानं नाही केला. म्हणाला, "मी एकदा एक तार चुकीच्या घरी टाकली होती. आठवतं? पुन्हा जाऊन मागून आणली. त्या घरची म्हातारी म्हणाली, टाकलीत तर टाकलीत, कुणाला कळलं असतं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? उन्हाचा चार मैल चालून गेलो होतो. म्हटलं, आजी, आधी पाणी द्या."

तिला हसू आलं, आणि हसता हसता रडूही. मुलगी उठून आत गेली आणि बाटल्या घेऊन आली. लाल एक, जांभळी एक, दोन्ही नव्या. "या तुझ्या," म्हणाली. "माझ्यातल्या घेऊ नकोस."

तिसऱ्या दिवशी मावशी वॉर्डात गेली. शिवणबाई डोक्याला पट्टी बांधून कुशीवर पडली होती, शुद्धीत. मावशीनं खुर्ची ओढली आणि सांगून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला राहवेना. "मी धरून ठेवते म्हणाले होते. आधी नीट धरलं नव्हतं. मग सोडवून पुन्हा धरलं."

शिवणबाईला बोलायला कष्ट पडत होते.

"उसवून पुन्हा घातलं म्हणता."

"हो."

"मी मुलींना तेच तर शिकवते. टाका सगळ्यांनाच घालता येतो हो. उसवायचा कंटाळा करतात." तिनं डोळे मिटले. "लाथा मारल्या का मी?"

"एकही नाही."

"बघा. नवरा उगाच बोलतो."

त्याच दुपारी पुढचं ऑपरेशन होतं. मावशी थिएटरात आली तेव्हा मनात धाकधूक होती. आज सांधा दुसऱ्या कुणाला देतील. दिला तर दिला, तिनं ठरवलं होतं, बादली घेऊन उभी राहीन. मोठे डॉक्टर आधीच आले होते. पेशंट झोपला, पिना लागल्या, डॉक्टरांनी कमान धरली आणि वाट बघत राहिले. कुणीच पुढं होईना. सिस्टरनी मावशीला कोपरानं ढोसलं.

"अहो, जा ना. सगळे खोळंबलेत."

ती टेबलाखाली गेली. आधी कमानीवरचा ठिपका पाहिला, मग कोपरावरचा. लालला लाल. आदल्या दिवशी संध्याकाळीच दिलेला, अजून चकाकत होता. दाते जुळवले, मूठ आवळली. वर. खाली. आडवं. मग पुन्हा एकदा, स्वतःच्या समाधानासाठी. वर कुणी घाई केली नाही. टेबलाखालून तिला सगळ्यांचे फक्त पाय दिसत होते. मोठ्या डॉक्टरांचे पाय नळापाशी जाऊन उभे राहिले होते. जुने, टाचा झिजलेले थिएटरचे बूट. ते हलले नाहीत. नळ कोरडा होता. ज्या माणसाच्या हातासाठी लोक लांबलांबून येतात, तो माणूस कोरडे हात घेऊन तिच्या शब्दासाठी उभा होता.

मावशी उठली. गुडघा कुरकुरला. तिनं साडीवर चढवलेला हिरवा झगा नीट केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "बसलं!"

आणि नळ सुटला.